पोलिसांकडील कागदपत्रे कशी मागावीत? रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील नागरिकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस ठाण्यातून कागद मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आपल्याला नेमका कोणता कागद हवा आहे हे अर्जात लिहिलेलेच नसते. ‘आमच्या केसची सर्व कागदपत्रे मिळावीत’ ही मागणी कोणत्याही अधिकाऱ्याला सहज टोलवता येते, ‘गु.र.नं. अमुक मधील घटनास्थळ पंचनाम्याची प्रत मिळावी’ ही मागणी नाकारायची झाल्यास मात्र त्याला कायद्यातील कलम दाखवावे लागते. खालील उत्तरांचा भर त्यामुळे कागदाचे नाव, तो ज्या दप्तरात असतो ते दप्तर आणि मागण्याची रीत या तीन गोष्टींवर आहे.

शहरातील पोलिसांचे कागद नगरपरिषदेत मागता येतात का?

नाही. चिपळूण, मालवण, सावंतवाडी किंवा अलिबाग यांपैकी कोणत्याही नगरपरिषदेच्या अखत्यारीत पोलीस येत नाहीत. पोलीस दल राज्याच्या गृह विभागाचे असून जिल्ह्यात त्याचे प्रमुख पोलीस अधीक्षक असतात. त्यांची कार्यालये रायगडसाठी अलिबागला, रत्नागिरीसाठी रत्नागिरी शहरात आणि सिंधुदुर्गासाठी ओरोसजवळच्या सिंधुदुर्गनगरीत आहेत. पनवेल आणि उरण हे तालुके रायगड जिल्ह्यात असले तरी तेथील पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाला जोडलेली आहेत, त्यामुळे पनवेलकराने अलिबागला पाठवलेला अर्ज फिरून परत नवी मुंबईलाच जातो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवणे बंधनकारक आहे. तरीही पत्ता आधीच बरोबर लिहिलेला बरा.

अतिक्रमण हटाव मोहिमेचे आदेश किंवा नगरपरिषदेने स्वतः बसवलेल्या कॅमेऱ्यांचे दप्तर मात्र नगरपरिषदेकडेच मागावे. त्या दिवशी पोलीस बंदोबस्त होता एवढ्यावरून तो कागद पोलिसांचा होत नाही.

कोणत्या कागदाला काय म्हणतात?

दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, फिर्याद नोंदवली की तिला गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु.र.नं., मिळतो आणि जो कागद तयार होतो त्याला प्रथम खबर किंवा सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दात एफआयआर म्हणतात. शिवीगाळ किंवा किरकोळ मारहाणीसारख्या अदखलपात्र तक्रारीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये होते व तिला एनसी म्हणतात. बुडून, झाडावरून पडून, सर्पदंशाने किंवा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाल्यास अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि तिचा क्रमांक स्वतंत्र असतो. या तिन्ही क्रमांकांची गल्लत झाली की ‘अशी नोंद आढळून येत नाही’ असे उत्तर येते, आणि ते खरेही असते.

यांखेरीज ठाण्यात चोवीस तास चालणारी स्टेशन डायरी असते. तुम्ही किती वाजता ठाण्यात आलात, काय सांगितलेत, कोणाला घटनास्थळी पाठवले, याची नोंद तिच्यात असणे अपेक्षित आहे. साध्या तक्रार अर्जाची नोंद आवक रजिस्टरला होते. तपास संपल्यावर एकतर दोषारोपपत्र न्यायालयात जाते किंवा समरी अहवाल जातो: गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ‘अ’, फिर्याद जाणूनबुजून खोटी ठरली तर ‘ब’, आणि गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘क’. आपल्या गुन्ह्यात कोणती समरी मागितली गेली हे फिर्यादीला माहीत असलेच पाहिजे, कारण तिला हरकत घेण्याचा हक्क त्यालाच असतो.

दोन्ही बाजूंकडून शांतता राखण्याचे बंधपत्र घेतले जाते त्या कारवाईला बोलीभाषेत चॅप्टर केस म्हणतात. ती पोलीस सुरू करत असले तरी पुढे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर, बहुतेक वेळा तहसीलदारांसमोर, चालते. तिच्या रोजनाम्याची नक्कल तहसील कार्यालयातून घ्यावी.

एफआयआरची प्रत मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार वापरावा लागतो का?

फिर्यादीला अजिबात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) नुसार फिर्याद देणाऱ्याला किंवा पीडित व्यक्तीला प्रथम खबरेची प्रत ताबडतोब आणि विनामूल्य द्यायची असते. सही करण्यापूर्वी ती वाचून घ्यावी, आणि ठाण्यातून बाहेर पडताना प्रत हातात असावी. ‘उद्या या’ असे सांगितले तर गु.र.नं. तरी लिहून घ्यावा.

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालात प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचे निर्देश दिले. जेथे अडचण असेल तेथे ही मुदत जास्तीत जास्त बहात्तर तासांपर्यंत वाढते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडून ती पाहता व उतरवून घेता येते. लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले असतात. आरोपीलाही त्याच निकालानुसार ठाण्याकडे अर्ज करून चोवीस तासांत प्रमाणित प्रत, किंवा न्यायालयातून कामकाजाच्या दोन दिवसांत प्रत मिळू शकते.

तपास कुठवर आला हे विचारण्यासाठीही अर्जांची मालिका लावण्याची गरज नसावी. नव्या संहितेच्या कलम १९३(३) नुसार तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तसे कळवले नसेल तर त्या कलमाचा उल्लेख करून तपासी अंमलदारांना एक पानी पत्र द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

गडग्याच्या भांडणात एनसी झाली होती. तिची प्रत का लागते?

कोकणात पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावणारे वाद बहुधा हद्दीचे, वाटेचे किंवा सामाईक झाडांच्या उत्पन्नाचे असतात: गडगा सरकवला, पाणंद अडवली, पोटहिश्श्यातले आंबे परस्पर उतरवले. अशी तक्रार बहुतेक वेळा एनसी म्हणून घेतली जाते आणि न्यायालयात दाद मागण्याची समज देऊन फिर्यादीला पाठवले जाते, कारण अदखलपात्र प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. लोक तो कागद निरुपयोगी समजून टाकून देतात. पुढे चार-पाच वर्षांनी दिवाणी दावा उभा राहतो तेव्हा वाद केव्हा सुरू झाला हे दाखवणारा त्याच्याइतका जुना कागद क्वचितच हाती असतो. एनसीची प्रत त्याच दिवशी घ्यावी. ती हरवली असेल तर क्रमांक आणि तारीख लिहून ठाण्यात साधा अर्ज द्यावा. मालकी मात्र एनसीने सिद्ध होत नाही. त्यासाठी सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशाच लागतो.

मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला. नुकसानभरपाईसाठी कोणते कागद लागतील?

प्रथम खबर, घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा, वाहनाचा नोंदणी दाखला व विमा यांची प्रत, चालकाचा परवाना, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, जखमीचे वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि मृत्यू झाला असल्यास मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवाल. २०२२ मध्ये लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत, अंतरिम अहवाल पन्नास दिवसांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. वाहनाचा आणि चालकाचा तपशील दावेदाराला पुरवण्याचे बंधन मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० ने पोलीस ठाण्यावर आणि आरटीओवर थेट घातले आहे. येथेही माहितीच्या अधिकाराचे तीस दिवस खर्ची घालण्याचे कारण नाही.

घाई करायची ती यासाठी की दावा दाखल करण्यासाठी कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. घरातले माणूस गेल्यावर पहिले दोन महिने विधी आणि इस्पितळाची बिले यांतच जातात. तेव्हा जवळच्या एखाद्या नातेवाइकाने अधिकारपत्र घेऊन कागद जमवण्याचे काम अंगावर घ्यावे.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि त्याचा थांग लागला नाही तर भरपाईची वेगळी योजना आहे: मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये. त्यासाठीचा अर्ज महसुली उपविभाग किंवा तालुका पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. ‘आरोपी अज्ञात’ असे लिहिलेली प्रथम खबर येथे कामी येते, म्हणून ती पाहून निराश होऊ नये.

समुद्रात बुडून मृत्यू झाला असेल तर?

गणपतीपुळे, गुहागर, तारकर्ली अशा किनाऱ्यांवर बुडणाऱ्यांत परजिल्ह्यातले पर्यटक असतात, आणि त्यांच्या नातेवाइकांना एकाच फेरीत सगळे कागद हवे असतात. तसे सहसा होत नाही. अकस्मात मृत्यूची खबर आणि मरणोत्तर पंचनामा लवकर मिळतो. शवविच्छेदन अहवालात डॉक्टरांनी मत राखून ठेवले असेल तर न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत मृत्यूचे कारण निश्चित होत नाही. पोलिसांचा अहवाल संहितेच्या कलम १९४ प्रमाणे जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो. विमा कंपन्या अनेकदा अंतिम अहवाल मागतात, म्हणून ठाण्यातून निघतानाच अकस्मात मृत्यूचा नोंदणी क्रमांक, तपास करणाऱ्या अंमलदाराचे नाव व हुद्दा आणि प्रकरण कोणत्या उपविभागीय कार्यालयाकडे जाणार हे टिपून घ्यावे.

किनारपट्टीवर नेहमीच्या ठाण्यांबरोबर सागरी पोलीस ठाणीही आहेत. घटना कोणाच्या हद्दीत नोंदली गेली हे गावच्या पोलीस पाटलांना बहुधा ठाऊक असते. मच्छीमारांनी आणखी एक फरक लक्षात ठेवावा. एलईडी दिव्यांची मासेमारी किंवा परवान्याविना पर्ससीन यांवरील कारवाई महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली होते आणि तिचे दप्तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात असते. गस्तीनौकेवर पोलीस होते म्हणून नौका जप्तीचे कागद ठाण्यात शोधू नयेत.

मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज केव्हा आणि कसा करावा?

ज्या कागदावर दुसऱ्या कोणत्याही कायद्याने तुमचा थेट हक्क नाही किंवा हक्क असूनही तो दिला जात नाही, त्यासाठी. सर्वांत जास्त उपयोग होतो तो तक्रार अर्जांच्या बाबतीत: अर्ज दिला, पोच मिळाली आणि पुढे काहीच झाले नाही.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात करतात. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांपेक्षा जास्त नसावा. ही मर्यादा अन्यायाची वाटते, पण दीडशे शब्दांत बसवायला लागल्यावर अर्ज बहुधा सुधारतोच. मजकूर साधारण असा असावा:

‘दि. … रोजी … पोलीस ठाण्यात मी दिलेल्या तक्रार अर्जाबाबत (आवक क्र. …) पुढील माहिती मिळावी. (१) आवक रजिस्टरमधील संबंधित नोंदीची प्रत. (२) अर्ज चौकशीसाठी ज्यांच्याकडे दिला त्या अधिकाऱ्याचे पदनाम व दिल्याची तारीख. (३) चौकशीत नोंदवलेले जबाब व चौकशी अहवाल यांच्या प्रती. (४) अर्ज निकाली काढला असल्यास त्याबाबतचा शेरा किंवा आदेश आणि मला पाठवलेल्या पत्राची जावक नोंद.’

यात ‘कारवाई का केली नाही?’ हा प्रश्न नाही, हे मुद्दाम पाहावे. अस्तित्वात असलेला कागद मागता येतो. खुलासा किंवा मत मागता येत नाही. कारवाई का झाली नाही याचे उत्तर चौथ्या मुद्द्याच्या कागदातून किंवा तो कागदच नसल्याच्या उत्तरातून आपोआप बाहेर पडते. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचेही बंधन नाही. कलम ६(२) ते स्पष्ट सांगते.

उत्तराची मुदत तीस दिवसांची, आणि एखाद्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांची आहे. साध्या आकाराच्या पानाला दोन रुपये दर आहे. शुल्क भरण्याचे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत मोजत नाहीत, म्हणून ते पत्र आल्यावर रेंगाळू नये. मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती विनाशुल्क द्यावी लागते.

जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी कोण, हे ठाण्यातल्या फलकावर लिहिलेले असायला हवे. गणपती आणि शिमग्याच्या दिवसांत ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ हे उत्तर हमखास मिळते. ते खोटे नसते, पण अर्ज घ्यायला साहेब लागत नाहीत. ठाणे अंमलदार किंवा आवक शाखा शिक्का मारून पोच देऊ शकते.

मी मुंबईत राहतो. गावच्या ठाण्यातले कागद येथून मागता येतील का?

येतील. अर्जदार भारताचा नागरिक असला की पुरे, तो त्या तालुक्यात राहत असणे आवश्यक नाही. मुंबईत घेतलेला कोर्ट फी स्टॅम्प दोडामार्गलाही चालतो. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोहोचल्याचा ऑनलाइन तपशील छापून ठेवावा. राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर संबंधित कार्यालयाचे नाव यादीत दिसत असेल तर तो मार्ग अधिक सोपा. माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः, हा रकाना मात्र रिकामा सोडू नये.

‘तपास चालू आहे’ असे सांगून माहिती नाकारली. हे योग्य आहे का?

केवळ तेवढ्या तीन शब्दांवर नाही. कलम ८(१)(h) नुसार माहिती दिल्याने तपासात, आरोपीच्या अटकेत किंवा खटल्यात अडथळा येणार असेल तर ती नाकारता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात स्पष्ट केले की तपास चालू असणे हे स्वतःच कारण होत नाही; अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे. अपिलात हाच मुद्दा मांडावा. त्याचबरोबर, आपण मागितलेल्यापैकी काही भाग तरी निर्धोक आहे का हे पाहावे: साक्षीदारांचे जबाब नाकारले गेले तरी आवक नोंद किंवा पत्रव्यवहाराची तारीख याने कोणताच तपास बिघडत नाही, आणि कलम १० नुसार देण्याजोगा भाग वेगळा काढून द्यावा लागतो.

काही गोष्टी मात्र मिळणार नाहीत आणि त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. खबऱ्याची ओळख, लैंगिक अत्याचारातील पीडितेची आणि बालकांची ओळख, आणि राज्य गुप्तवार्ता विभागासारख्या माहिती अधिकार कायद्यातून वगळलेल्या शाखांचे दप्तर ही त्यांतली ठळक. वगळलेल्या शाखांनाही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरती सूट नाही. तिऱ्हाइताचे दोषारोपपत्र कोणालाही मागता येईल असा गैरसमज आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२३ रोजी दोषारोपपत्रे सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकण्याची मागणी फेटाळली. आरोपीला ते न्यायालयातून मिळते, आणि वकील दिला असेल तर पीडितालाही मिळते. दुसऱ्या व्यक्तीची वैयक्तिक माहिती मागणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की कलम ८(१)(j) ची सूट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अधिक व्यापक केली आहे. कलम ८(२) मधील व्यापक जनहिताचा आधार अजून शिल्लक आहे, आणि तो अर्जातच मांडणे इष्ट.

अपील कोठे करायचे?

उत्तर मिळाल्यापासून, किंवा उत्तर न येता मुदत संपल्यापासून, तीस दिवसांच्या आत प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र ‘ब’ मध्ये, वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. त्याचा निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत व्हावा. त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नवी मुंबईतील कोकण खंडपीठाकडे जोडपत्र ‘क’ मध्ये द्वितीय अपील करता येते. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपये, कमाल पंचवीस हजार रुपये, दंड होऊ शकतो. आयोगापुढे क्रमांक लागायला वेळ लागतो, म्हणून सगळी ताकद प्रथम अपिलाच्या सुनावणीवर लावावी. मूळ अर्ज, पोच आणि उत्तर तारखेनुसार लावून नेले की निम्मे काम होते. आयोगाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचे असल्यास रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे, रायगडसाठी मुंबईच.

पोलीस ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रीकरण मिळते का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २ डिसेंबर २०२० च्या निर्देशांनुसार प्रत्येक ठाण्यात कॅमेरे असावेत आणि चित्रीकरण अठरा महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपावे. तरीही घटनेनंतर लगेच तारीख, वेळ आणि जागा लिहून ‘हे चित्रीकरण जतन करावे’ असे पत्र आधी द्यावे, आणि प्रतीसाठीचा अर्ज मागाहून करावा. दुकानांच्या आणि हॉटेलांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण फार थोड्या दिवसांत पुसले जाते. ते मिळवण्याची विनंती तपासी अंमलदारालाच लेखी करावी.

नोकरीसाठी किंवा आखातात जाण्यासाठी ‘पोलीस रेकॉर्ड’ लागते. ते कोठून घ्यावे?

हा वेगळा कागद आहे. राज्यातल्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून ऑनलाइन अर्जाद्वारे मिळते. परदेशासाठीचे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट कार्यालय देते आणि त्याचा अर्ज पासपोर्ट सेवा पोर्टलवर करावा लागतो. कुवेत किंवा दुबईच्या कंपनीला अधीक्षक कार्यालयाचा दाखला पाठवून काम अडल्याचे प्रकार होतात, तेव्हा कंपनीने कोणता मागितला आहे हे आधी वाचावे.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा कागद हवा असेल तर?

ठाण्यापेक्षा न्यायालयातून सुरुवात करावी. दोषारोपपत्र गेले असेल तर पंचनामा, जबाब आणि निकाल हे सारे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयाच्या अभिलेख कक्षात गेलेले असते, आणि नक्कल विभागातून प्रमाणित प्रत मिळते. ठाण्यातले दप्तर अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार ठरावीक काळानंतर नष्ट केले जाते. ‘नष्ट केले’ असे उत्तर आल्यास नष्ट केल्याची नोंद आणि आदेश यांची प्रत मागावी, कारण नियमाने नष्ट केलेला कागद आणि गहाळ झालेला कागद यांत फरक आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीचे कणकवली, कुडाळ किंवा वेंगुर्ल्याचे जिल्हा पातळीवरील दप्तर ओरोसला सापडले नाही तर रत्नागिरीतही विचारावे.